ल माँचे पाच विजय आणि सम्पमधली तांब्याची नळी

प्रश्न असा आहे: जॅग्वारच्या सी-टाइप आणि डी-टाइप गाड्यांनी १९५१ ते १९५७ या सात वर्षांत फ्रान्समधल्या ल माँची २४ तासांची शर्यत पाच वेळा जिंकली. हे सगळे डिस्क ब्रेकमुळे, म्हणजे चाकासोबत फिरणारी उघडी तबकडी दोन बाजूंनी पॅडने दाबणाऱ्या ब्रेकमुळे झाले असे सांगतात, ते कितपत खरे? आणि आज समोर उभी असलेली एखादी जुनी जॅग्वार खरोखर शर्यतीची आहे की नाही, हे कशावरून ओळखायचे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर: अर्धे खरे. १९५३ चा विजय डिस्क ब्रेकचा होता, यात शंका नाही. पण १९५१ ला जिंकलेली गाडी ड्रम ब्रेकची होती (चाकातल्या बंद डब्याला आतून शू दाबणारा जुना ब्रेक), आणि १९५४ ला चारही चाकांना डिस्क असताना जॅग्वार हरली. या गाड्यांचा इतिहास नीट समजून घ्यायचा असेल तर कप किती मिळाले हे मोजण्याआधी दर वर्षी नेमके काय तुटले ते पाहावे. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या जॅग्वार कारखान्यातली माणसे जूनमध्ये जे तुटले त्याचे कारण शोधून पुढच्या जूनपर्यंत ते दुरुस्त करत. हा क्रम हाती लागला की सगळी वर्षे एका दोरीत येतात.

सुरुवात एक्सके१२० पासून करावी लागते, कारण सी आणि डी दोघींचे इंजिन तिथूनच आले. ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात ही गाडी मांडली गेली. विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली यांनी आखलेले सहा सिलिंडरचे इंजिन, व्हॉल्व्ह उघडणारे दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट, हॅरी वेस्लेक यांच्या हाताखालून गेलेले ॲल्युमिनियमचे हेड. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८३ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) १०६ मिमी, क्षमता ३,४४२ सीसी, आणि ५,००० आरपीएमला १६० अश्वशक्ती. मे १९४९ मध्ये बेल्जियममधल्या याब्बेकेच्या सरळ रस्त्यावर रॉन सटनने ती ताशी २१३ किलोमीटरच्या वर नेली. काच काढून, गाडीखाली पत्रा बसवून हा वेग मिळाला होता. कापडी छत आणि बाजूचे पडदे लावूनही गाडी ताशी २०३ पर्यंत गेली. रस्त्यावरच्या गाडीचा वेग म्हणून मला हा दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो.

ऑगस्ट १९४९ मध्ये सिल्व्हरस्टोनला लेस्ली जॉन्सन पहिला, पीटर वॉकर दुसरा. तिसऱ्या गाडीत सयामचा राजपुत्र बिरा होता, त्याचा टायर गेला. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये उत्तर आयर्लंडच्या डंड्रॉड रस्त्यावर मुसळधार पावसात स्टर्लिंग मॉसने टुरिस्ट ट्रॉफी जिंकली, एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. आल्प्सच्या रॅलीत इयन ॲपलयार्डने एनयूबी १२० क्रमांकाची गाडी सलग तीन वर्षे दंडाचा एकही गुण न घेता शेवटापर्यंत नेली. १९५२ मध्ये पॅरिसजवळच्या माँलेरी ट्रॅकवर एका एक्सके१२० कूपेने सात दिवस आणि सात रात्री ताशी १६० किलोमीटरपेक्षा जास्त सरासरी राखली. इंजिन किती टिकाऊ होते त्याला एवढा पुरावा पुरे.

कमकुवत दुवा ब्रेक होता. तो उघडा पडला १९५० च्या ल माँमध्ये. तीन एक्सके१२० तिथे उतरल्या होत्या. जॉन्सन आणि बर्ट हॅडली यांची गाडी पुढच्या फळीत होती, आणि शर्यत संपायला साधारण तीन तास असताना तिचा क्लच गेला. कागदावर ‘क्लच’ लिहिले असले तरी खरे कारण ड्रम ब्रेक. ड्रम तापून निकामी होत चालले, म्हणून जॉन्सन गीअर खाली टाकून इंजिनाने गाडी रोखत होता. प्रत्येक वेळी उलटा झटका क्लच प्लेटच्या मधल्या भागावर येत होता, आणि शेवटी तो भाग सुटला. उरलेल्या दोन गाड्या बाराव्या आणि पंधराव्या आल्या. जुन्या गाडीची दुरुस्ती करणाऱ्याने हे लक्षात ठेवावे: मोडलेला भाग आणि मोडण्याचे कारण पुष्कळदा वेगवेगळ्या ठिकाणी असतात.

ड्रम ब्रेक हरतो कसा, हे आकड्यांत पाहिले की बरे समजते. ल माँची मुलसानची सरळ वाट साधारण सहा किलोमीटरची, आणि तिच्या टोकाला हळू घ्यावे लागणारे उजवे वळण. इंधन आणि चालक धरून सुमारे १,१०० किलोची गाडी ताशी २७० वरून ६० वर आणायची तर जी ऊर्जा उष्णतेत जिरवावी लागते, ती साधारण नऊ लिटर गार पाण्याला उकळी आणण्याइतकी असते. हवेचा अडथळा त्यातला काही वाटा घेतो, बाकी सगळे ब्रेकवर. हे काही सेकंदांत, आणि एका शर्यतीत तीनशे वेळा. ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून दूर जातो, त्यामुळे पेडल खाली खाली जात राहते. वर लायनिंगची पकडही उष्णतेने कमी होते. डिस्क तापली तर फुगून पॅडच्या बाजूला येते, आणि दोन्ही तोंडे उघड्या हवेत असल्याने लवकर निवते. एक्सके१२० मध्ये आणखी एक अडचण होती. रुंद, सगळे झाकणारी बॉडी आणि पत्र्याची बंद चाके यांमुळे ड्रमपर्यंत हवा पोचतच नव्हती. तारांची चाके आली तेव्हा थोडा फरक पडला.

१९५१ साठी हेन्स आणि मंडळींनी नवीनच गाडी बांधली: एक्सके१२०सी, म्हणजे सी-टाइप. इंजिन, गीअरबॉक्स आणि मागचा अखंड ॲक्सल ओळखीचा, पण सांगाडा पोलादी नळ्यांचा, स्टिअरिंग रॅक-पिनियन, आणि बॉडी माल्कम सेयरने आखलेली. सेयर ब्रिस्टल विमान कंपनीतून आलेला. तो आकार नजरेने काढत नसे, आकडेमोडीने काढत असे. तीन गाड्या ल माँला गेल्या. मॉस सुरुवातीच्या तासांत पुढे होता आणि त्याने फेरीचा विक्रमही केला. मग ऑइल प्रेशरचा काटा पडला. त्याआधी क्लेमेंते बिओंदेत्तीच्या गाडीचे तसेच झाले होते. सम्पच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या आत ऑइल पंपाकडून ब्लॉककडे जाणारी तांब्याची नळी इंजिनाच्या कंपनाने तुटत होती. तिसऱ्या गाडीत नळी तीच होती. पीटर वॉकर आणि पीटर व्हाइटहेड यांनी आघाडी भरपूर असल्याने इंजिन जपून चालवले आणि ताशी १५० किलोमीटरच्या सरासरीने शर्यत जिंकली. १९३५ मधल्या लगोंडानंतर ल माँमध्ये जिंकलेली ही पहिली ब्रिटिश गाडी.

या नळीवर थोडे थांबतो, कारण आजही एक्सके इंजिन उघडणाऱ्याला तिचा धडा उपयोगी पडतो. तांबे मऊ असते म्हणून ते कंपन सोसेल असे वाटते. उलट घडते. सतत हलत राहिले की तांबे कडक होत जाते आणि वळणाशी किंवा फ्लँजच्या जोडाशी तडकते. नंतर पोलादी नळी आली. सम्प उतरवला की नळीच्या दोन्ही टोकांचे जोड आणि आधाराची पट्टी हाताने हलवून पाहावी. जराही खेळ असेल तर तसेच बंद करू नये. क्रँकशाफ्टच्या आत तेलाच्या वाटांना स्क्रूची बुचे असतात. ती काढून आतला घट्ट झालेला मळ साफ केल्याशिवाय नवीन बेअरिंग टाकण्यात अर्थ नाही, कारण पहिल्या हजार किलोमीटरमध्येच तो मळ सुटून बेअरिंग चाटतो. इंजिन तापलेले असताना ३,००० आरपीएमला ४० पौंड प्रेशर हवे. थंड इंजिनावरचा आकडा पाहून समाधान मानू नये.

१९५२ हे या सगळ्यातले सर्वांत शिकण्यासारखे वर्ष, आणि त्याबद्दल कमी बोलले जाते. मे महिन्यात इटलीच्या मिले मिलिया शर्यतीत मॉसला मर्सिडीज ३००एसएल मागून येऊन सरळ रस्त्यावर पुढे निघून जाताना दिसली. त्याने कारखान्याला तार केली की ल माँला आणखी वेग हवाच. सेयरने घाईने लांब, खाली उतरलेले नाक आणि लांब शेपूट आखली. नाक खाली आले म्हणून रेडिएटरची वरची टाकी त्याच्यावर मावेना, ती वेगळी करून मागे, प्रवाशाच्या बाजूला बल्कहेडजवळ (इंजिन आणि चालकाची जागा यांमधल्या भिंतीजवळ) नेली. सरावातच गाड्या तापल्या. दोन गाड्यांना जुने रेडिएटर बसवून बॉनेटवर फुगवटे ठोकून काढले, तरी उपयोग झाला नाही. पहिल्या काही तासांत तिन्ही गाड्या बाहेर.

सर्वांना वाटले की नाकाने हवा अडवली. नंतर चाचण्या केल्या तेव्हा दोष पाण्याच्या वाटेत सापडला. वॉटर पंपाची पुली लहान होती, म्हणून पंप जास्त वेगाने फिरत होता. ठरावीक वेगापलीकडे पंपाच्या पात्यांमागे वाफेचे बुडबुडे होतात आणि पंप पाणी ढकलायचेच थांबवतो. दुसरा दोष, लांब गेलेल्या टाकीच्या नळ्या फक्त ७/८ इंचांच्या होत्या. पुली मोठी केली, नळ्या सव्वा इंचाच्या केल्या, आणि गाडी तापायची थांबली. ७/८ आणि सव्वा ऐकायला जवळचे वाटतात, पण नळीचे छिद्र क्षेत्रफळाने दुप्पट होते. नव्या आकाराचा खरा तोटा वेगळाच होता: ताशी १९० किलोमीटरच्या पुढे मागची बाजू हलकी होऊन गाडी सरळ रेषेत राहीना.

जुन्या गाडीत रेडिएटर बदलताना, विद्युत पंखा लावताना किंवा ‘पंप जोरात फिरला तर बरे’ म्हणून पुली लहान करताना हे वर्ष आठवावे. गाडी उभ्याने तापत असेल तर हवा कमी पडते. धावताना, चढत्या आरपीएमवर तापत असेल तर पाणी कमी फिरते. एक्सके ब्लॉकमध्ये सर्वांत मागच्या सिलिंडरभोवती गाळ साचतो, आणि काटा ठीक दाखवत असताना हेडचा मागचा भाग शिजत असतो. ब्लॉकच्या बाजूची बुचे काढून तारेने खरवडल्याशिवाय तो गाळ निघत नाही. नुसते पाणी मारून काम होत नाही.

त्याच १९५२ मध्ये दुसरीकडे डिस्क ब्रेकचे काम चालले होते. डनलॉप आणि जॅग्वार एकत्र, आणि गाडी चालवून चालवून दोष काढणारा चाचणी चालक नॉर्मन ड्युइस. सुरुवातीला दोन गोष्टींनी छळले. एक, पॅडमधून उष्णता ब्रेकच्या सिलिंडरात जाऊन ब्रेक ऑइल उकळत असे. उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल जमिनीला टेकते. दोन, वळणात हब किंचित वाकून डिस्क पॅडना मागे ढकलत असे. मग पुढच्या वेळी ब्रेक मारताना पहिला पाय फुकट जाई, दुसऱ्यांदा पाय मारल्यावर ब्रेक लागे. मिले मिलियात मॉसच्या शेजारी ड्युइस स्वतः बसला होता. ती गाडी शेवटापर्यंत पोचली नाही, पण जूनच्या अखेरीस फ्रान्समध्ये रेम्सला मॉसने डिस्क ब्रेकची सी-टाइप पहिली आणली. डिस्क ब्रेकच्या गाडीचा हा पहिला मोठा विजय मानला जातो.

आता १९५३. या वर्षीच्या तीन कारखाना-गाड्या नेहमीच्या सी-टाइपपेक्षा पुष्कळ वेगळ्या होत्या. पत्रा पातळ, इंधनाची टाकी विमानासारखी रबरी पिशवीची, दोन एसयू कार्ब्युरेटरच्या जागी दोन नळ्यांचे तीन वेबर कार्ब्युरेटर, इंजिन सुमारे २२० अश्वशक्तीचे, आणि चारही चाकांना डनलॉपचे डिस्क. मागच्या वर्षीचे लांब नाक नाही, आकार पुन्हा १९५१ चा. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी ४,०८८ किलोमीटर कापून ताशी १७०.३ किलोमीटरची सरासरी दिली. ल माँमध्ये ताशी १०० मैलांची सरासरी त्याआधी कोणी ओलांडली नव्हती. मॉस आणि वॉकर दुसरे, तिसरी गाडी चौथी. फेरारी आणि अल्फा रोमिओ सरळ वाटेवर मागे नव्हत्या. फरक पडला तो वाटेच्या टोकाला. जॅग्वारचा चालक वळणाच्या कितीतरी जवळ जाऊन ब्रेक मारू शकत होता, आणि हे पहिल्या तासाला जसे, तसेच तेविसाव्या तासालाही. डिस्कचे खरे मोल ते हेच. एकदा जोरात थांबणे चांगल्या ड्रमलाही जमते, पण तीनशे वेळा सारखेच थांबणे जमत नाही.

हॅमिल्टन आदल्या रात्री दारू पिऊन त्याच अवस्थेत शर्यतीला उतरला, ही गोष्ट जिथे तिथे सांगितली जाते. रोल्ट आणि संघाचे व्यवस्थापक लॉफ्टी इंग्लंड या दोघांनीही ती नाकारली आहे. शर्यतीच्या इतिहासात तिला जागा देऊ नये.

१९५४ ला डी-टाइप आली. मधला भाग विमानाच्या धडासारखा, ॲल्युमिनियमच्या पत्र्याची बंद पेटी. इंजिनाला ड्राय सम्प, म्हणजे तेल खालच्या भांड्यात न साठवता वेगळ्या टाकीत ठेवायचे. सम्प उथळ झाल्याने इंजिन खाली बसले, शिवाय ते साडेआठ अंश कलते केले, म्हणून बॉनेट बुटके झाले. चाके डनलॉपची, मिश्रधातूची. पुढच्या प्रत्येक डिस्कला गोल पॅडच्या तीन जोड्या, मागच्या डिस्कला दोन, आणि पायाला मदत म्हणून गीअरबॉक्सवरून चालणारा प्लेसी पंप. इंजिन २५० अश्वशक्तीच्या आसपास. समोर फेरारीची जवळजवळ पाच लिटरची गाडी, तिची ताकद तीनशेच्या बऱ्याच वर. तरी मुलसानच्या वाटेवर डी-टाइप ताशी २७८ किलोमीटरला गेली आणि फेरारी २५८ च्या आसपास राहिली. सेयरच्या आकडेमोडीचा हा हिशेब आहे. ‘डिस्क ब्रेकमुळे जिंकले’ म्हणणारे ही वीस किलोमीटरची तफावत विसरतात.

तरीही शर्यत हातची गेली. इंधनात अतिशय बारीक करडी धूळ होती. फिल्टर तुंबून तिन्ही गाड्या अडखळू लागल्या. पिटमध्ये (गाड्या थांबवून दुरुस्त करण्याच्या जागेत) कारण शोधण्यात वेळ गेला, आणि फिल्टर काढून टाकल्यावर इंजिने पुन्हा नीट चालली. मॉसच्या गाडीचे ब्रेक गेले, आणखी एका गाडीचा गीअरबॉक्स गेला. रोल्ट आणि हॅमिल्टन पावसात फेरारीचा पाठलाग करत राहिले आणि २४ तासांनंतर साधारण चार किलोमीटरने मागे पडले. फिल्टरमध्ये हरवलेली मिनिटे त्याहून जास्त होती.

१९५५ ची गाडी लांब नाकाची. हेड नवे: इनटेक व्हॉल्व्ह ३५ अंशांवर, एक्झॉस्ट ४० अंशांवर, कारण मोठे व्हॉल्व्ह जुन्या कोनात एकमेकांना अडत. पुढचा सांगाडा आता पोलादी नळ्यांचा, मधल्या पेटीला बोल्टने जोडलेला. १९५४ चा सांगाडा पेटीला वेल्ड केलेला होता, त्यामुळे पुढून ठोकली की सगळीच गाडी उघडावी लागे. माइक हॉथॉर्न आणि आयव्हर ब्युब यांनी ही शर्यत जिंकली, पण तिला विजय म्हणायला जीभ रेटत नाही. ११ जूनच्या संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास हॉथॉर्न पिटकडे वळण्यासाठी ब्रेक लावत होता, मागची ऑस्टिन-हीली त्याला चुकवायला डावीकडे आली, आणि पियेर लव्हेची मर्सिडीज तिच्यावर चढून प्रेक्षकांत गेली. लव्हे आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक मरण पावले. मर्सिडीजने रात्री आपल्या गाड्या मागे घेतल्या, जॅग्वारने घेतल्या नाहीत. सरकारी चौकशीत एकाही चालकावर दोष ठेवला गेला नाही. पिट आणि धावता रस्ता यांच्यामध्ये काहीही नसलेली ती जागा अशा वेगांसाठी कधी बांधलीच नव्हती. नंतर ती पाडून नव्याने बांधली गेली.

१९५६ आणि १९५७ ला कप एडिनबर्गला गेला. एक्युरी एकोस हा डेव्हिड मरी यांचा स्कॉटिश संघ, गाड्या निळ्या, आणि मेकॅनिकांचा मुख्य विल्की विल्किन्सन. १९५६ ला कारखान्याच्या दोन गाड्या दुसऱ्याच फेरीत अपघातात गेल्या. तिसरी, हॉथॉर्नची, पेट्रोल इंजेक्शनच्या नळीला गेलेल्या केसाएवढ्या तड्यामुळे मागे पडून सहावी आली. रॉन फ्लॉकहार्ट आणि निनियन सँडरसन यांनी एकोसची कार्ब्युरेटरवाली गाडी, एक्सकेडी ५०१, पहिली आणली. ऑक्टोबरमध्ये कारखान्याने शर्यतीतून अंग काढून घेतले. फेब्रुवारी १९५७ मध्ये ब्राउन्स लेनच्या कारखान्याला आग लागली. डी-टाइपवरून बनवलेल्या रस्त्यावरच्या एक्सकेएसएस गाड्या तिथेच तयार होत होत्या, त्या फक्त १६ झाल्या. आणि त्याच वर्षी जूनमध्ये फ्लॉकहार्ट आणि ब्युब यांनी ३.८ लिटरच्या, इंजेक्शनवाल्या एक्सकेडी ६०६ ने ३२७ फेऱ्या मारून ताशी १८३ किलोमीटरची सरासरी दिली. उतरलेल्या पाचही डी-टाइप शेवटापर्यंत आल्या: पहिली, दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी. त्यांतली एकही कारखान्याने उतरवलेली नव्हती. सात वर्षांत एकेक करून काढलेले दोष त्या दिवशी एकदम फळाला आले.

१९५८ ला तीन लिटरची मर्यादा आली आणि एकोसच्या दोन्ही गाड्यांचे पिस्टन सुरुवातीलाच गेले. एक्सके इंजिन मुळात लांब स्ट्रोकचे. १०६ मिमीच्या स्ट्रोकमध्ये पिस्टन ५,८०० आरपीएमला सरासरी सेकंदाला साडेवीस मीटर धावतो. क्षमता कमी झाली की ताकद आरपीएममधूनच काढावी लागते, आणि त्या चढ्या आरपीएमसाठी हे इंजिन घडवलेले नव्हते.

दुसरा प्रश्न, खऱ्याखोट्याचा. सी-टाइप एकूण ५३ बनल्या. डी-टाइप १८ कारखान्याच्या आणि ५३ ग्राहकांच्या, असे धरले जाते. प्रतिकृती मात्र याच्या कितीतरी पट आहेत. जॅग्वारने स्वतःही अलीकडे डी-टाइप नव्याने बनवल्या. २००८ मध्ये ही कंपनी टाटा मोटर्सने घेतली. चांगली प्रतिकृती असणे वाईट नाही, ती खरी म्हणून विकणे वाईट.

आधी मागे वाकून ॲक्सल पाहा. खऱ्या सी आणि डीला अखंड ॲक्सल असतो. प्रत्येक चाकाला वेगळे सस्पेन्शन आणि डिफरन्शियलला चिकटलेल्या डिस्क दिसल्या, तर ते ई-टाइपचे भाग आहेत, आणि एखाददुसरा प्रायोगिक अपवाद सोडता विषय तिथेच संपतो. मग इंजिन. ‘सी-टाइप हेड आहे’ या वाक्याला फसू नये. मोठ्या, १ ५/८ इंचांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे ते हेड एक्सके१४० वर जादा पैसे देऊन मिळत असे, म्हणून असे हेड असलेली प्रत्येक गाडी सी-टाइप नव्हे. डी-टाइपला ड्राय सम्प हवाच. इंजिन क्रमांकाच्या शेवटी ८ किंवा ९ असतो तो कम्प्रेशन रेशो. ब्लॉकवरचा आणि हेडवरचा क्रमांक जुळतो का ते पाहा, आणि आकडे पुन्हा ठोकल्याच्या खुणा आहेत का तेही. अस्सल ठशाभोवती धातू घासलेला नसतो.

चासिस क्रमांक सी-टाइपला एक्सकेसी, डी-टाइपला सहसा एक्सकेडी, पण १९५४ च्या पहिल्या काही डी-टाइपला एक्सकेसीच. १९५३ च्या हलक्या गाड्या एक्सकेसी ०५१ ते ०५३. डी-टाइपमध्ये ४०० चे क्रमांक १९५४ च्या गाड्यांचे, ५०० चे १९५५ पासूनचे, ६०१ ते ६०६ कारखान्याच्या १९५६ च्या गाड्या. इथे एक पेच आहे. शर्यतीच्या गाडीची नाके, पेट्या, सांगाडे त्या काळी सर्रास बदलले जात. डी-टाइपचा पुढचा सांगाडा बोल्टचा असल्याने एका गाडीचे नाक दुसरीला लागणे रोजचेच होते. त्यामुळे एकाच क्रमांकावर दोन गाड्यांनी हक्क सांगणे शक्य असते, आणि दोन्हींत काही ना काही अस्सल असू शकते. क्रमांकाची पाटी चार स्क्रूंनी निघते. ती सर्वांत शेवटी पाहावी.

कागदांत सर्वांत आधी जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टचा दाखला मागावा. त्यात बनवल्याची तारीख, चासिस, इंजिन, गीअरबॉक्स आणि बॉडीचे मूळ क्रमांक, रंग आणि पहिला विक्रेता असतो. गाडी कोणती शर्यत धावली हे त्यात नसते. त्यासाठी त्या काळचे फोटो लागतात, आणि फोटोत नंबरप्लेट किंवा शर्यतीचा क्रमांक पाहून भागत नाही, कारण हे दोन्ही एका गाडीवरून दुसरीवर जात. रिव्हेटची रांग, बॉनेटवरच्या झरोक्यांची संख्या, पट्ट्याच्या बकलाची जागा, पत्र्यावरचा एखादा ठोका, असे हाताने झालेले तपशील जुळवावेत. हाताने ठोकलेल्या दोन बॉडी कधीच तंतोतंत सारख्या नसतात.

आणि गाडी खरी असो वा प्रतिकृती, चालवायची असेल तर तीन गोष्टी आधी करा. ब्रेक ऑइल दर वर्षी बदला. डॉट ४ चे नवे ऑइल २३० अंशांच्या वर उकळते, ओल धरलेले तेच ऑइल १५५ च्या आसपास उकळू शकते, आणि आपल्या पावसाळ्यात ते ओल लवकर धरते. क्रँकच्या पुढच्या डँपरचे (कंपन शोषणाऱ्या चाकाचे) रबर तपासा. ते वाळून सुटले असेल तर कंपन क्रँकमध्येच राहते, फ्लायव्हीलचे बोल्ट ढिले होतात आणि शेवटी क्रँक तुटतो. टॅपेटचे शिम (व्हॉल्व्हची फट ठरवणाऱ्या पातळ चकत्या) बदलायला कॅमशाफ्ट काढावे लागतात. चेन सुटलेली असताना दोन्ही कॅमशाफ्ट जागेवर ठेवून काहीही फिरवू नका. या हेडमध्ये उघडलेले इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकमेकांना लागतात, आणि एक बेसावध पाव फेरी बारा व्हॉल्व्हांतले निम्मे वाकवून जाते.